आठ रेशमी तुकडे आणि दोन कवळ्या

बत्तीशीकाकांची मान आखडली ती एका सुळ्यापायी.

सुळा एका निवृत्त टपालवाल्याचा. त्याचे खरे दात होते तेव्हा वरचा डावा सुळा जरासा तिरका होता, आणि नव्या कवळीतही तो तसाच तिरका पाहिजे असा त्याचा हट्ट. "सरळ बसवलात तर बायको म्हणेल, हा कोण परका माणूस घरात शिरला," असं त्याचं म्हणणं. आता दात तिरका बसवणं म्हणजे काही डोंगर फोडणं नव्हे. पण मुद्दाम तिरका बसवलेला दात मुद्दाम बसवल्यासारखा दिसू नये, हे काम पोरखेळाचं नाही. बत्तीशीकाका मेणाच्या हिरडीवर तो सुळा बसवत, काढत, मेण पुन्हा तापवत आणि पुन्हा बसवत अख्खा दिवस टेबलावर ओणवे राहिले. संध्याकाळी सुळा असा झकास तिरका बसला की काकांना स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. ते उठले. पाठ सरळ झाली, गुडघे सरळ झाले, मान काही आली नाही. ती डावीकडे वळून, जरा खाली झुकून तशीच राहिली, जणू काका शेजाऱ्याच्या खिशात किती आहे ते बघताहेत.

काका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या करत. खोली म्हणजे एक उंच टेबल, घासायचं मशीन, मेण तापवायचा दिवा आणि तीन भिंतींना फळ्याच फळ्या. त्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. नवा माणूस आत आला की दारातच थबकायचा. काकांना मात्र त्या जबड्यांची सोबत वाटे. "हे एवढे लोक तोंड उघडून बसलेत आणि एकही बोलत नाही," ते म्हणत, "असं सुख कुणाला मिळतं?" त्यांचं पाळण्यातलं नाव काय, हे आठवायला आता त्यांच्या बायकोलाही वेळ लागला असता. लहानथोर सगळे त्यांना बत्तीशीकाका म्हणत, आणि स्वतःची बत्तीशी या वयातही शाबूत असल्यामुळे काकाही ते नाव मिरवत.

वाकड्या मानेने पहिल्या आठवड्यात काय काय घडलं, ते सगळं सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. रस्त्याने जाताना डाव्या हाताच्या लोकांना वाटे, हा आपल्याकडे टक लावून बघतोय. उजव्या हाताच्यांना वाटे, ओळख असून तोंड फिरवून चाललाय. भाजीच्या दुकानात कांदे घ्यायला उभे राहिले तर डाव्या अंगाला कोबीचा ढीग होता. भाजीवाल्याला वाटलं, गिऱ्हाइकाची नजर कोबीवरून हलत नाही. त्याने तीन गड्डे पिशवीत टाकले. मानेमुळे काकांना "नको" अशी मान हलवता येईना, आणि कळ अशी आली की तोंडातून शब्द फुटेना. सलग तीन दिवस घरात कोबी होता.

तेल चोळून झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, वरच्या मजल्यावरच्या पैलवान भाच्याने "एक झटका देतो" म्हटल्यावर जिना उतरून पळून जाणं झालं. डॉक्टरीणबाईंना, म्हणजे ज्यांच्या दवाखान्यात काका काम करत त्यांना, विचारलं तर त्या म्हणाल्या, "काका, माझं राज्य हनुवटीला संपतं. खालचं मला विचारू नका." ज्यांचं राज्य हनुवटीखाली सुरू होत होतं त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "व्यायाम करा."

"व्यायाम!" काका घरी येऊन म्हणाले, तेही डावीकडच्या कपाटाकडे बघत, कारण बायको उजवीकडे बसली होती. "माझ्या सात पिढ्यांत कुणी व्यायाम केला नाही!"

"म्हणून तर त्यांचे फोटो असे दिसतात," काकू म्हणाल्या.

काकू शहराची बस चालवत. एवढं मोठं धूड दिवसभर गल्लीबोळांतून वळवणाऱ्या बाईला एक वाकडी मान काय जड! त्यांच्या बसमध्ये सकाळच्या फेरीला एक बाई रोज चढायच्या, पाठीत काठी घातल्यासारख्या ताठ. त्या पोहण्याच्या तलावामागच्या आवारात चिनी व्यायामाचा वर्ग घेत. काकूंनी एका सिग्नलला गाडी थांबली असताना चौकशी केली, हिरवा दिवा लागायच्या आत नाव घातलंसुद्धा.

"उद्यापासून जायचं," त्यांनी काकांना सांगितलं.

"मी? आणि चिनी व्यायाम?"

"का? जन्मभर चिनी मातीचे दात घासलेत ना? मग हा व्यायाम तुमच्या भावकीतलाच की."

त्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणत. उभी हयात त्यांनी चौकात वाहतूक पोलीस म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर चीनमध्ये नोकरीला असलेल्या मुलीकडे जाऊन त्या बरेच दिवस राहिल्या. मुलगी कामावर, भाषा येत नाही, करायचं काय? सकाळी इमारतीखालच्या अंगणात म्हातारी मंडळी हळूहळू हातपाय हलवताना दिसत. शिट्टीबाई एक दिवस खाली उतरल्या आणि शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या. भाषेवाचून त्यांचं काही अडलं नाही. हातवारे करून माणसांना थांबवायचं आणि हलवायचं, हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं! परत येताना त्या तो सगळा व्यायाम अंगात भरून घेऊन आल्या. त्याचं नाव रेशमाचे आठ तुकडे. आठ हालचाली, एकामागून एक, रेशीम उलगडावं तशा सावकाश. एकेका हालचालीने एकेका अवयवाचं भलं होतं, असं चिनी लोक पूर्वापार मानत आलेत.

रेशीम खरं, पण शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात शिट्टी होती.

पहिल्या दिवशी काका आवारात शिरले तेव्हा ओल्या फरशीचा आणि तलावातल्या औषधाचा वास येत होता आणि दहाबारा मंडळी रांगा धरून उभी होती. डावीकडची रांग काकांना नीट दिसली. तीत बेकरीवाले आजोबा होते, लाँड्रीवाल्या वहिनी होत्या. ओळखीचे चेहरे बघून काकांना जरा धीर आला. ते आपली जागा घेऊन उभे राहिले आणि उजवीकडून, जिकडे त्यांना बघता येत नव्हतं, तिकडून आवाज आला, "श्शिस्तीत उभे राहा. हात श्शरळ."

काकांच्या मानेतली कळ टाचेपर्यंत गेली. हा आवाज हेडसरांचा होता!

हेडसर आणि काका यांचं का बिनसलं होतं, ते इथे सांगितलं पाहिजे. काही वर्षांपूर्वी हेडसर आणि त्यांची पत्नी, म्हणजे शाळेतल्या गाण्याच्या बाई, अशा दोघांच्या कवळ्या काकांनी एकदमच केल्या होत्या. जीव ओतून केल्या होत्या. हेडसरांना भक्कम दात हवे होते म्हणून त्यांना चिनी मातीचे लावले, बाईंना गाताना तोंडात ओझं नको म्हणून प्लास्टिकचे हलके. पहिले काही दिवस सगळं छान. मग एक दिवस हेडसर तणतणत आले. कवळी उसळते, टोचते, 'श' आणि 'स' एक झालेत. भरल्या दवाखान्यात ते म्हणाले, "हे दात आहेत की श्शिक्षा? असं काम माझ्या शाळेतल्या पोराने केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं!" पाठोपाठ गाण्याच्या बाईही आल्या, त्यांच्या प्रत्येक 'सा'बरोबर शीळ वाजत होती.

काकांनी त्या दिवशी शपथ घेतली की या नवराबायकोच्या कवळ्यांना पुन्हा हात लावीन तर कवळीवाला म्हणवून घेणार नाही. डॉक्टरीणबाई आपल्या परीने खुर्चीतच इथे थोडं घास, तिथे थोडं घास करत राहिल्या. घासून घासून कवळ्या ढिल्या झाल्या, मग पावडर लावून चिकटवणं आलं. हेडसर आणि काका रस्त्यात भेटले तर एक जण दुकानाच्या पाट्या वाचायला लागे आणि दुसरा आकाशातले ढग बघे.

आणि आता ते खांद्याला खांदा लावून उभे होते.

"वर्गाचा नियम एकच," शिट्टीबाई नव्या विद्यार्थ्याला म्हणाल्या. "बोलायचं नाही. जो बोलेल तो झाड धरेल."

झाड धरणं म्हणजे गुडघे जरा वाकवून, दोन्ही हात छातीसमोर गोल धरून, मिठीत मोठं झाड आहे असं समजून उभं राहायचं. ऐकायला काहीच नाही. पण थोडा वेळ उभं राहून बघा, म्हणजे मांड्या कशा थरथरतात ते कळेल. चिनी लोक हे आपणहून करतात, याचं काकांना फार नवल वाटलं.

पहिला तुकडा, दोन्ही हातांनी आभाळ उचलायचं. सगळ्यांनी आभाळ वर उचललं, काकांनी डाव्या बाजूला कलतं उचललं. दुसरा तुकडा, धनुष्य ओढून घार टिपायची. डावीकडची घार काकांनी अशी ऐटीत टिपली की शिट्टीबाईंनी मान डोलावली. उजवीकडे बाण सोडायची वेळ आली तेव्हा हात उजवीकडे आणि डोळे डावीकडे. "काका, घार तिकडे आहे," शिट्टीबाई म्हणाल्या, "तुम्ही बेकरीवाल्या आजोबांना मारताय." चौथा तुकडा घुबडाचा. अंग हलवायचं नाही, फक्त मान सावकाश वळवून मागे बघायचं. काका अर्धे घुबड आधीच होते. उरलेलं अर्धं काही केल्या होईना. शिट्टीबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मानेला हात लावला नाही, फक्त म्हणाल्या, "जिथपर्यंत जाते तिथपर्यंत न्या. तिथे थांबा. श्वास सोडा. ओढाताण केलीत तर चलान फाडीन."

जिथपर्यंत म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. पण ते नखाएवढं हललं खरं, आणि काकांना त्या आठवड्यात पहिल्यांदाच स्वतःचं नाक सरळ समोर असल्याची अंधुकशी आठवण झाली. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

पुढे मग त्यांना नादच लागला. आणि नवशिक्याचा उत्साह घरच्यांना भोवतो तसं झालं. शेवटचा तुकडा टाचा उचलून धप्पकन खाली सोडायचा. त्याने म्हणे सगळेच आजार पळतात. आजार पळाले की नाही ते कळलं नाही, पण खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई वर आल्या. "काका, तुमच्या घरात मसाला कांडता का? माझ्या सुईतला दोरा निघतोय!" मग काका आपले आजार दवाखान्यातल्या खोलीत पळवू लागले.

तिथेही एक घोटाळा झालाच. सातवा तुकडा मुठी आवळून डोळे वटारायचा. घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवायचे, ठोसा सावकाश पुढे न्यायचा आणि डोळे असे वटारायचे की समोर साक्षात शत्रू उभा आहे. काकांना शत्रू कल्पावा लागत नव्हता, ते हेडसरांना डोळ्यांसमोर आणत. एकदा दुपारी ते असे फळ्यांवरच्या जबड्यांपुढे घोड्यावर स्वार होऊन ठोसा उगारून उभे असताना, दात काढायला आलेल्या एका गृहस्थांनी चुकून त्यांच्या खोलीचं दार उघडलं. मागे तीन भिंती भरून जबडे, पुढे डोळे वटारलेला माणूस. गृहस्थांनी दार हळूच लावलं आणि चप्पल न घालता घर गाठलं.

"काका," डॉक्टरीणबाई ती चप्पल हातात घेऊन आल्या, "हा तुमचा व्यायाम बहुतेक दातदुखीवरही चालतो. पेशंट म्हणतो, आता अजिबात दुखत नाही."

मान हळूहळू सुटत होती. नखाचं बोट झालं, बोटाची वीत झाली. काकांना आता मधली रांग दिसू लागली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात हेडसरांचा कानही दिसू लागला. त्याच सुमारास शिट्टीबाईंनी वर्गाच्या सुरुवातीला एक नवीन गोष्ट घातली.

"ओठ मिटा," त्या म्हणाल्या. "दात हलकेच एकमेकांवर आपटा. याने हिरड्या घट्ट होतात, असं तिकडचे म्हातारे म्हणतात. घाई नको. आणि प्रत्येकाने आपापल्या दातांचा आवाज ऐका."

आपापल्या! मिठाईवाल्याला म्हणावं, आपल्याच ताटातलं बघ. काकांनी कधी स्वतःचे दात ऐकले नव्हते. त्यांचे कान आपोआप रांगेतून फिरू लागले. हे मऊ ठप ठप, हे बेकरीवाले आजोबा, कवळी आपलीच, चांगली बसलीय. हे लाँड्रीवाल्या वहिनींचे खरे दात, एक दाढ किडलेली असणार. आणि मग उजवीकडून आवाज आला. टप्प. टप्प. टप्प.

काका आपटायचे थांबले.

चिनी मातीचा दात चिनी मातीवर आपटला की कपबशी किणकिणावी तसा आवाज येतो. प्लास्टिकचा दात प्लास्टिकवर आपटला तर ठप्प होतो. हेडसरांचं वरचं आणि खालचं, दोन्ही चिनी मातीचं, काकांनी स्वतःच्या हातांनी लावलेलं. मग त्यांच्या तोंडातून किणकिण सोडून हे टप्प कुठून आलं? असा आवाज येतो तो एकाच वेळी. एक कवळी चिनी मातीची आणि दुसरी प्लास्टिकची असेल तर. आणि उसळणारी कवळी बहुधा खालचीच असते.

काकांनी मान वळवली. कळ आली, पण त्यांना ती कळलीच नाही. हेडसरांच्या पलीकडे गाण्याच्या बाई डोळे मिटून दात आपटत होत्या. टप्प. टप्प. टप्प. सुरात सूर मिळवावा तसा तोच आवाज.

आणि काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज झोपताना दोघं कवळ्या काढून पाण्याच्या वाटीत ठेवत असणार. वाट्या दोन, शेजारीशेजारी. काही वर्षांपूर्वी एका सकाळी, डोळ्यांवर चष्मा नसताना, याचा हात तिच्या वाटीत...

"अहो—" काकांच्या तोंडून निघालं.

फुर्रर्र! शिट्टी वाजली. शिट्टीबाईंनी फक्त एक बोट वर केलं. एकदा ताकीद, दुसऱ्यांदा झाड.

काकांनी ओठ आवळले. पण पोटात गोष्ट मावेना. आभाळ उचललं तर वाटलं, हे आभाळ आता हेडसरांच्या डोक्यावर टाकावं. एक हात वर एक हात खाली करताना तर डोळ्यांपुढे वरची कवळी आणि खालची कवळीच नाचू लागली. हसू येत होतं, ते दाबलं की नाकातून बाहेर येई. लाँड्रीवाल्या वहिनींनी त्यांना हळूच रुमाल दिला. घुबडाच्या वेळी मान उजवीकडे सरसर गेली आणि काका थेट हेडसरांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतके, की हेडसरच अवघडून ढग बघू लागले.

सातव्या तुकड्याला रांगा समोरासमोर होत. काकांपुढे हेडसर. दोघेही घोड्यावर. दोघांच्याही मुठी आवळलेल्या. शिट्टीबाई म्हणाल्या, "श्वास सोडा, ठोसा पुढे, डोळे वटारा!" हेडसरांनी डोळे वटारले, आणि काकांचा बांध फुटला.

"हेडसर! तुमच्या तोंडात बायकोचे दात आहेत!"

आवारातले बाकी सगळे ठोसे खाली आले.

"काय बोललात?" हेडसरांचा ठोसा पुढे गेला तो तसाच राहिला.

"खालचे! वरचे तुमचेच!"

फुर्रर्रर्र! "झाड!" शिट्टीबाई कडाडल्या.

काका निमूटपणे बाजूला जाऊन झाडाला मिठी मारून उभे राहिले, पण तोंड बंद होईना. तिथूनच, गुडघे वाकवून आणि हात गोल धरून, त्यांनी सगळ्यांना किणकिण, ठप्प आणि टप्प समजावून सांगितलं. शिट्टीबाईंनी दोनदा शिट्टी तोंडाजवळ नेली आणि दोनदा खाली ठेवली. कारण ऐकायचं त्यांनाही होतं.

"हे शक्य नाही," हेडसर म्हणाले. "आमच्या घरात श्शिस्त आहे. माझी वाटी निळी, हिची पांढरी."

"माझी निळी," गाण्याच्या बाई म्हणाल्या.

"तुझी पांढरी!"

"निळी कुणी विकत आणली? मी!"

काकांनी झाड धरल्या धरल्या डोळे मिटून घेतले. त्यांना आता पुरावा नको होता.

पुढचं सगळं तलावाच्या नळावर झालं. नवराबायको भिंतीकडे तोंड करून, टॉवेल आडवा धरून उभी राहिली. लाँड्रीवाल्या वहिनींनी खालच्या दोन्ही कवळ्या नळाखाली खळखळून धुतल्या आणि काकांनी, इतक्या वर्षांची शपथ मोडून, आपल्या हातांनी ज्याची त्याला दिली. थोडा वेळ नुसती चुळबुळ ऐकू आली. मग हेडसर वळले. सगळा वर्ग अर्धगोल करून उभा होता.

"दात आपटा," काका म्हणाले.

किण्. किण्. किण्. अगदी कपबशी!

"शिस्त," हेडसर म्हणाले, आणि स्वतःच दचकले. मग पुन्हा, जरा चाखून बघितल्यासारखं, "शिस्त. सरळ. शहाणपण. सशाची शिंगं." बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? सशाची!"

गाण्याच्या बाईंनी 'सा' लावला. शीळ नाही, काही नाही. स्वच्छ 'सा', इतका लांब की तलावातले पोहणारे काठाला धरून ऐकू लागले. बेकरीवाल्या आजोबांनी टाळी वाजवली. शिट्टीबाईंनी त्या दिवशी उरलेला वर्ग रद्द केला; चौकात भर पावसातही त्यांनी कधी जागा सोडली नव्हती.

आता इथे सगळं गोड झालं असं म्हणून थांबता आलं असतं, पण तसं झालं नाही. ज्याची त्याच्या तोंडात गेली तरी खालच्या कवळ्या इतकी वर्षं भलत्या हिरडीसाठी घासल्या गेल्या होत्या. त्या डुगडुगतच होत्या. नव्या कराव्या लागल्या. डॉक्टरीणबाईंना ही हकीकत कळली तेव्हा त्या हसत हसत पेशंटच्या खुर्चीत जाऊन आडव्या झाल्या, आणि मग म्हणाल्या, "काका, तुम्ही रुसला नसता आणि मी घाईत नसते तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं." काका आधीच मेण तापवायला लागले होते. मात्र या वेळी ते दर थोड्या वेळाने उठत आणि घुबड करत.

हेडसर माप द्यायला आले ते खोलीतच बसून राहिले. काम होईपर्यंत हलेनात. आभार मानायचे होते, पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला ते जमेना. शेवटी त्यांनी फळीवरच्या एका जबड्याकडे बोट केलं. "हा सुळा तिरका झालाय."

"तो मुद्दाम केलाय," काका म्हणाले.

हेडसरांनी चष्मा सारखा करून तो बराच वेळ न्याहाळला. "मुद्दाम वाटत नाही."

काकांना याहून मोठी शाबासकी आजवर कुणी दिली नव्हती. त्यांनी चहा मागवला.

नव्या कवळ्या मात्र नको तितक्या छान बसल्या. पूर्वी हेडसर आणि बाईंचं भांडण लागलं की चार वाक्यांत संपे. आवाज चढला की कवळी उसळायची, मग दोघांनाही तोंडावर हात धरून गप्प बसावं लागे. आता तसं राहिलं नाही. निळी वाटी कुणाची, या प्रश्नावर पहिलं पूर्ण भांडण झालं ते साऱ्या इमारतीने शब्दन्‌शब्द ऐकलं. त्यांच्या शेजारची दोन माणसं दवाखान्यात आली आणि काकांना बाजूला घेऊन म्हणाली, "काका, काही करून त्या पुन्हा बदलता येतील का?"

पुढे शिट्टीबाईंच्या मुलीला बाळ व्हायचं होतं. त्या दोनचार महिन्यांसाठी चीनला निघाल्या, आणि जाताना शिट्टी काकांच्या गळ्यात घालून गेल्या. तोवर काकांची मान दाराच्या बिजागरीसारखी फिरू लागली होती. त्या दिवशी काकूंची सुट्टी होती, म्हणून त्याही बघायला आल्या आणि मागच्या रांगेत उभ्या राहिल्या.

काकांनी शिट्टी फुंकली. दात वाजले. आभाळ उचललं गेलं, घारी पडल्या, घुबडांनी मागे वळून बघितलं. पाचवा तुकडा डोकं डोलवून शेपूट हलवायचा. तोही पार पडला, आणि तेवढ्यात काकांची नजर काकूंवर गेली. काकू शेपूट अशी हलवत होत्या की बस वळणावर घेताहेत. काकांना हसू फुटलं, आणि पुढे काय आहे ते साफ विसरायला झालं. ते तोंडात शिट्टी धरून उभे राहिले. वर्गही उभा राहिला. मग घाबरून त्यांनी मुठी आवळून डोळे वटारले. सगळ्यांनी वटारले. मग टाचा आपटून झाल्या, आणि वर्ग संपला.

"काका," लाँड्रीवाल्या वहिनी टॉवेल गोळा करताना म्हणाल्या, "सहावा राहिला की. दोन्ही हातांनी पाय धरायचा."

काकांनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा! घ्या, परत रांगा करा."

"राहू द्या," हेडसर बाटलीतलं पाणी पीत म्हणाले. "मी आयुष्यात कुणाचे पाय धरले नाहीत. आता या वयात माझे स्वतःचे तरी कशाला धरू?"

"धरा, धरा," गाण्याच्या बाई मागून म्हणाल्या. "सवय असलेली बरी. निळ्या वाटीचा निकाल अजून लागायचाय."